रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे: निसर्गाचा जमाखर्च आणि आदिवासींची नजर

अमेरिकेच्या सरकारी खात्यात एक रक्कम 1980 पासून पडून आहे. ज्यांच्यासाठी ती ठेवलीय, ते तिला हात लावत नाहीत. दक्षिण डकोटातली ब्लॅक हिल्स ही डोंगररांग 1868 च्या फोर्ट लॅरामी तहानुसार सू या मूलनिवासी लोकांची होती. 1874 मध्ये तिथे सोनं सापडलं आणि 1877 मध्ये सरकारने डोंगर काढून घेतले. पुढे अनेक दशकं खटले चालले. अखेर 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा निकाल कायम केला: 1877 सालची किंमत 1.71 कोटी डॉलर, त्यावर तेव्हापासूनचं 5 टक्के व्याज, मिळून सुमारे 10.5 कोटी डॉलर. सू लोकांनी पैसे घेतले नाहीत. साचत साचत ती रक्कम आता 100 कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. खिसा भरलेला आहे म्हणून नाकारलं, असंही नाही. त्यांची पाइन रिज ही वसाहत अमेरिकेतल्या सर्वांत गरीब भागांत मोडते. त्यांचं म्हणणं एवढंच, की डोंगर आम्ही विकायला काढलेच नव्हते.

आता एखाद्या हिशेबनिसाच्या जागी बसून बघा. त्याच्या वहीत ब्लॅक हिल्सच्या नावापुढे काय लिहायचं? 1.71 कोटी? 100 कोटी? की काहीच नाही? हा प्रश्न आज पुन्हा समोर आलाय, कारण देशोदेशीची सांख्यिकी खाती निसर्गाची खातेवही लिहायला बसली आहेत. जंगल किती, नदीची तब्येत कशी, पाणथळ जागांपासून मिळतं काय, याचा जमाखर्च. या वहीत ज्या जमिनींची नोंद होणार, त्यांतल्या बऱ्याच जमिनींवर पिढ्यानपिढ्या आदिवासी, म्हणजे त्या त्या भूमीचे मूलनिवासी समाज, राहत आले आहेत. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार जगातली किमान 3.8 कोटी चौरस किलोमीटर जमीन, म्हणजे एकूण भूभागाच्या चौथाईहून जास्त, अशा समाजांच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे. वही मात्र त्यांना विचारून आखलेली नाही.

जाता जाता एक सांगून टाकतो. 'जगातली 80 टक्के जैवविविधता आदिवासींच्या जमिनींवर आहे' हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. त्याला आधार नाही. 2024 मध्ये काही अभ्यासकांनी, ज्यांत आदिवासी अभ्यासकही होते, या आकड्याचा माग काढला आणि मुळाशी कसलीच मोजणी सापडली नाही, असं जाहीर केलं. बाजू भक्कम असताना खोटा आकडा घेऊन भांडायला जाऊ नये. तो उघडा पडला की खरं असलेलंही लोक ऐकेनासे होतात.

आधी वही समजून घेऊ. 2021 च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने परिसंस्थांचे हिशेब मांडायची एक पद्धत स्वीकारली. पर्यावरण आणि अर्थव्यवस्था यांचे हिशेब एकत्र मांडायच्या पद्धतीला आद्याक्षरांनी एसईईए म्हणतात, तिचाच हा परिसंस्थांचा भाग. कल्पना सोपी आहे. समजा, 400 हेक्टरची एक पाणथळ जागा आहे. पहिल्या खात्यात क्षेत्रफळ: आरंभीची शिल्लक 400, वर्षभरात भराव घालून बुजवली 30, अखेरची शिल्लक 370. दुसऱ्या खात्यात तिची तब्येत: पाणी किती स्वच्छ, पक्षी किती प्रकारचे, गवत मूळचं की बाहेरून येऊन माजलेलं. तिसऱ्यात, ती जागा माणसांना काय देते: मासे किती, पुराचं पाणी किती अडवलं, सांडपाणी किती गाळलं. चौथ्यात हेच सगळं पैशांत. पाचव्यात ती जागा ही मालमत्ता धरली तर तिची किंमत किती.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. या पाचही खात्यांना सारखा दर्जा नाही. क्षेत्रफळ, तब्येत आणि सेवा हा मोजमापाचा भाग आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाला. पैशांचा भाग आला की देशांचं एकमत होईना. मग त्या प्रकरणांना 'मान्यताप्राप्त तत्त्वं आणि शिफारशी' असा एक पायरी खालचा दर्जा देऊन गाडी पुढे नेली गेली. म्हणजे निसर्गाला पैशांत तोलण्याबद्दलची शंका फक्त रानात राहणाऱ्यांना आहे असं समजू नका. ती सांख्यिकी आयोगाच्या बैठकीतही होती.

मी स्वतः या वहीच्या विरोधात नाही. जे वहीत नसतं त्यावर रस्ता जातो, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. धरणाच्या प्रस्तावात विजेचे आकडे असतात, जमिनीचा भाव असतो, आणि बुडणाऱ्या नदीकाठापुढे काहीच नसतं. बैठकीत काहीच नाही म्हणजे शून्य असं वाचलं जातं. निदान क्षेत्रफळ आणि तब्येत तरी नोंदली गेली तर कुणाला उत्तर द्यावं लागेल. पण आपल्याला वही तयार मिळते तेव्हा तिच्या तीन जागी आधीच कुणाचं तरी मत छापलेलं असतं: आरंभीची शिल्लक, रकान्यांची दिशा आणि किमतीचं माप.

आरंभीच्या शिलकीपासून सुरुवात करतो, कारण सर्वांत मोठी मेख तिथेच आहे. तब्येत मोजायची तर निरोगी म्हणजे कसं, हे आधी ठरवावं लागतं. वहीत त्याला संदर्भस्थिती म्हणतात. ऑस्ट्रेलियात वनस्पतींच्या नकाशांमध्ये '1750 पूर्वीची वनस्पती' असा एक थर असतो. युरोपीय लोक येऊन वसण्याआधीचा देश, असा त्याचा अर्थ. कॅप्टन कुक 1770 मध्ये पोहोचला, वसाहत 1788 मध्ये झाली, म्हणून 1750 ही सोयीची तारीख. आता त्या तारखेचं काय करायचं ते बघा. ती रेघ आखणारा मनात नकळत धरतो, की त्याआधी होता तो निव्वळ निसर्ग, माणसाचा हात न लागलेला. पण त्या भूमीवर माणसं निदान 50,000 वर्षं राहत होती, आणि नुसती राहत नव्हती. ती जाळत होती.

उत्तर ऑस्ट्रेलियातला अर्नहेम लँडचा पश्चिम भाग घ्या. वाळूच्या दगडाचं उंच पठार, कडेकपारी, मधे गवताळ रानं. पावसाळा संपला की गवत सुकायला लागतं, पण जमिनीत ओल असते आणि रात्री दव पडतं. या दिवसांत लावलेली आग गुडघ्याएवढी चालते. ती थोडं गवत खाते, ओल्या घळीशी येऊन थांबते, संध्याकाळी विझते. तिथले लोक कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला चालत चालत अशा आगी लावत जायचे. कुठे जाळायचं, कुठलं रान अजून हिरवं आहे, कुठल्या घळीतलं झाड आगीपासून जपायचं, हे ठरलेलं असायचं. त्यातून जळलेल्या आणि न जळलेल्या तुकड्यांची गोधडी तयार व्हायची. मग ऋतूच्या शेवटी, सगळं कडकडीत वाळलेलं असताना, वीज पडून आग लागलीच तरी तिला सलग खायला मिळायचं नाही.

विसाव्या शतकात पठारावरची माणसं हळूहळू मिशनांकडे आणि गावांकडे गेली. पठार रिकामं झालं. 'माणसाचा हात न लागलेलं' रान अखेर खरोखरच तयार झालं, आणि ते पेटलं. कोरड्या ऋतूच्या शेवटच्या महिन्यांत हजारो चौरस किलोमीटर जाळत जाणाऱ्या आगी दरसाल यायला लागल्या. सायप्रस पाइनसारखी आग न सोसणारी झाडं मेली, अनबिनिक या मोठ्या वृक्षाच्या जुन्या राया कडेने जळत आत सरकल्या.

म्हणजे त्या देशाची तब्येत बिघडली ती माणूस आल्यामुळे नाही, माणूस गेल्यामुळे. संदर्भस्थिती 'निव्वळ निसर्ग' अशी धरलेली वही हे दाखवू शकत नाही. उलट ती सल्ला देते, की क्षेत्र राखीव करा आणि माणसं बाहेर काढा. न्याय राखून सांगायचं तर नव्या पद्धतीत 'माणूस आणि निसर्ग मिळून टिकलेली स्थिती' हाही संदर्भ म्हणून धरायला जागा आहे. पण जागा असणं वेगळं आणि कुणी तिचा उपयोग करणं वेगळं. उपग्रहाच्या चित्रात जूनमधली हलकी आग आणि ऑक्टोबरमधला वणवा, दोन्ही 'जळालेलं क्षेत्र' म्हणूनच उमटतात. तारीख बघून फरक करायचा असतो, हे कुणीतरी सांगावं लागतं.

तिथे ते सांगितलं गेलं. लॉफ्टी बार्डयाल नाजामेरेक हे त्या पठारावर जन्मलेले चित्रकार आणि वडीलधारे, त्यांच्यासारख्यांच्या आग्रहाने लोक परत पठारावर गेले आणि शास्त्रज्ञांना सोबत घेऊन जाळायला लागले. 2006 मध्ये सुमारे 28,000 चौरस किलोमीटरवर यासाठीचा एक करार झाला. डार्विन शहरातला नैसर्गिक वायूचा कारखाना 17 वर्षं दरसाल सुमारे 10 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देणार, आणि वेळेवर जाळून लोक दरसाल सुमारे 1,00,000 टन कर्बवायूइतकं उत्सर्जन वाचवणार. आगीतून निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड यांचा हिशेब होतो. कर्बवायू पुढच्या पावसाळ्यात गवतात परत शोषला जातो, म्हणून तो धरत नाहीत.

पैसे आले, तरुणांना देखरेखीची कामं मिळाली, मोठे वणवे कमी झाले. मला ही गोष्ट यशाची वाटते, आणि तरीही त्यात एक काटा आहे. पैसे मिळतात ते आगीतून न निघालेल्या वायूचे. माणसं पठारावर जातात ती पूर्वजांच्या जागांना भेटायला, मुलांना वाटा दाखवायला, कपारीतल्या चित्रांजवळ गवत साचू नये म्हणून. हे सगळं वायूच्या पाठीवर बसून, फुकटात, वहीच्या बाहेरून जातं. उद्या वायूचा भाव पडला तर?

इथून आपण दुसऱ्या छापील मताकडे येतो, रकान्यांच्या दिशेकडे. वहीत परिसंस्था देते आणि माणूस घेतो. सेवा एकाच बाजूला वाहते. जंगलाने लाकूड दिलं, नदीने पाणी गाळलं, डोंगराने मन रमवलं. मन रमवण्याचा भाग 'सांस्कृतिक सेवा' या नावाच्या रकान्यात जातो, पर्यटकांच्या सहलीशेजारी. आदिवासी समाजांशी बोलायला गेलेले अधिकारी बहुतेक वेळा हाच रकाना पुढे करतात: तुमच्या देवराया, तुमचे विधी, ते सगळं इथे भरू. हेतू चांगला असतो. पण ज्याचा नदीशी आजी-नातवाचा संबंध आहे, त्याला 'आजी तुला किती सेवा देते' असं विचारल्यासारखं होतं ते. त्या नात्यात देणं दोन्हीकडून आहे. आजीकडून गोष्ट मिळते, आजीला हात धरून न्यावं लागतं. अर्नहेम लँडमध्ये आग लावणं म्हणजे माणूस भूमीचं जे देणं लागतो, ते फेडणं आहे. वहीत त्या कष्टांना स्वतंत्र जागा नाही. सेवा 'परिसंस्थेने पुरवली' अशीच नोंद होते. ज्याने आग लावली त्याचं नाव आलंच तर मजुरीच्या खर्चात येतं.

जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाने, आयपीबीईएसने, 2022 च्या अहवालात ही गाठ थोडी सैल केली. निसर्गावर जगणं, निसर्गासोबत जगणं, निसर्गात जगणं आणि निसर्ग होऊन जगणं, अशा चार तऱ्हा त्यांनी मांडल्या. पहिली तऱ्हा वहीत मावते, चौथी अजिबात मावत नाही. त्याच अहवालात एक आकडा आहे, तो माझ्या डोक्यातून जात नाही. निसर्गाचं मोल ठरवणारे हजारावर अभ्यास त्यांनी तपासले. निघालेले निष्कर्ष संबंधित लोकांना दाखवून त्यांचं मत विचारलं, असं त्यांतल्या फक्त 2 टक्के अभ्यासांत नोंदलेलं होतं.

तिसरं छापील मत म्हणजे किमतीचं माप. या वहीत 'विनिमय मूल्य' धरतात. बाजार असता तर ही वस्तू ज्या भावाने एकाने दुसऱ्याला दिली असती, तो भाव. देशाच्या उत्पन्नाचा हिशेब याच मापाने चालतो, म्हणून दोन्ही वह्या जुळाव्यात यासाठी ही सोय. पद्धत स्वतःच बजावते, की हा आकडा म्हणजे निसर्गाचं संपूर्ण मोल समजू नका. पण विनिमय म्हटला की विकणारा लागतो. ब्लॅक हिल्सच्या बाबतीत विकणाराच नाही. मग भाव कुठून काढायचा? काढलेला भाव ज्याचं गेलं त्याला मान्य नसेल, तर तो भाव आहे की दंडाची रक्कम?

ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयापुढे, जे त्या देशातलं सर्वांत वरचं न्यायालय आहे, 2019 च्या मार्चमध्ये हाच पेच होता. टिंबर क्रीक नावाचं छोटं गाव. तिथे 1980 ते 1996 या काळात सरकारने सुमारे 127 हेक्टर जमिनीवर रस्ते, इमारती, भाडेपट्टे अशा वेगवेगळ्या कारणांसाठी पन्नासेक निर्णय घेतले, आणि त्यामुळे न्गालिवुरू आणि नुंगाली लोकांचे परंपरागत हक्क गेले. भरपाई दोन भागांत ठरली. एक, जमिनीच्या आर्थिक किमतीची. दुसरी, भूमीशी असलेलं आध्यात्मिक नातं तुटण्याची.

आर्थिक भागाचं काय झालं बघा. जमिनीचा पूर्ण मालकीचा बाजारभाव 6,40,500 डॉलर. परंपरागत हक्क म्हणजे त्याचा किती हिस्सा? पहिल्या न्यायालयाने 80 टक्के धरला, अपिलात 65, शेवटी 50. म्हणजे 3,20,250 डॉलर. त्यावर व्याज 9,10,100. जिथे बाजारभावाचं पक्कं माप हाताशी होतं, तिथला आकडा तीन न्यायालयांत तीनदा बदलला. आणि जे मोजताच येत नाही म्हणतात, त्या नात्याच्या नुकसानीचे 13 लाख डॉलर तिन्ही ठिकाणी जसेच्या तसे राहिले.

सरकारचा एक युक्तिवाद साधारण असा होता, की प्रत्येक तुकड्याचं नुकसान वेगवेगळं, छोटं छोटं आहे. त्यावर न्यायाधीशांनी दिलेली उपमा वाचली तेव्हा मी थांबलो होतो. त्यांनी म्हटलं, हे एकाच चित्राला जागोजागी भोकं पाडण्यासारखं आहे. नुकसान भोकाच्या आकारावरून ठरवायचं नाही, अख्ख्या चित्राकडे बघून ठरवायचं. हिशेबनिसाने ही उपमा टेबलावर लावून ठेवावी. कारण त्याचा नकाशा चौकटींचा असतो. एका चौकटीत एकच परिसंस्था, एकीची हद्द दुसरीवर चढता कामा नये, आणि सगळ्या मिळून देश भरला पाहिजे. या नियमाशिवाय बेरीज होत नाही, हेही खरं. पण ज्या वाटेवरून एखाद्या पूर्वजाची कथा डोंगरापासून समुद्रापर्यंत जाते, ती वाट पंधरा चौकटींतून जाते आणि एकीतही मावत नाही.

त्या निकालातला एक भाग मात्र मला खटकतो. 13 लाख हा आकडा योग्य का? तर ऑस्ट्रेलियन समाजाला तो रास्त आणि न्याय्य वाटेल, म्हणून. ज्यांचं चित्र फाटलं त्यांच्या मापाने नाही, बघणाऱ्यांच्या मापाने.

न्यूझीलंडने वेगळी वाट धरली. तिथे 2017 मध्ये वांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला. सुमारे 290 किलोमीटरची ही नदी. तिच्या काठच्या माओरी लोकांची म्हण आहे, 'मी नदी आहे आणि नदी मी आहे'. कायद्यात तिची व्याख्या डोंगरापासून समुद्रापर्यंतची एक अखंड, सजीव वस्तू अशी आहे, तिच्या सगळ्या भौतिक आणि त्यापलीकडच्या घटकांसह. तिच्या वतीने बोलायला दोन माणसं, एक सरकारने सुचवलेलं, एक नदीकाठच्या माओरी समाजांनी. याआधी दीडशे वर्षं इंग्रजी कायदा नदीचे तुकडे पाडत होता: पात्र एकाचं, काठ दुसऱ्याचा, पाणी कुणाचंच नाही.

नदी व्यक्ती झाली म्हणजे हिशेब थांबला असं नाही. वांगानुईच्या उगमाकडचं काही पाणी 1970 च्या दशकापासून विजेसाठी वळवलं जातं आणि टाउपो सरोवरामार्गे वायकाटो या दुसऱ्याच नदीत जातं. वहीच्या दृष्टीने एक घनमीटर पाणी म्हणजे एक घनमीटर पाणी. इकडे वजा, तिकडे जमा, बेरीज शून्य. माओरी विचारात प्रत्येक पाण्याला स्वतःचं सत्त्व असतं, आणि दोन नद्यांचं पाणी असं एकमेकांत मिसळणं हाच दोष. ही नोंद वहीत कुठे करायची? माझ्या मते आकड्यांत करूच नये. वळवलेलं पाणी घनमीटरमध्ये लिहावं, आणि शेजारी शब्दांत लिहावं: हे मिश्रण नदीकाठच्या लोकांना मान्य नाही. लेखापरीक्षक ताळेबंदाखाली शेरे लिहितातच. कधी कधी ताळेबंदापेक्षा तेच आधी वाचले जातात.

आणि काही रकाने मुद्दाम कोरे सोडावे लागतील. एखाद्या समाजाला आपली पवित्र जागा, औषधी मुळीचं ठिकाण किंवा मासे अंडी घालतात तो डोह नकाशावर टिंब म्हणून नको असेल, तर त्याला कारण आहे. टिंब उमटलं की लोक पोहोचतात. कॅनडातल्या आदिवासी राष्ट्रांनी 1998 मध्ये आपल्या माहितीबद्दल चार हक्क मांडले: मालकी, नियंत्रण, पाहण्याची मुभा आणि ताबा. 2019 मध्ये जगभरच्या आदिवासी अभ्यासकांनी याच धर्तीवर तत्त्वं मांडली. त्याआधी विज्ञानजगतात 'माहिती सगळ्यांना सहज मिळावी' हा मंत्र जोरात होता. यांनी विचारलं, मिळावी ठीक, पण फायदा कुणाचा आणि ठरवणार कोण? 2007 च्या संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं 'आधी, मोकळेपणाने आणि पूर्ण माहिती देऊन घेतलेली संमती' हे तत्त्व जमिनीइतकंच आकड्यांनाही लागू होतं. 144 देशांनी त्या जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं होतं. विरोधात चारच देश होते: ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिका. चौघांनीही नंतर भूमिका बदलली. हा लेख बहुतेक त्याच चार देशांत फिरतोय, हा योगायोग नाही.

कोऱ्या रकान्यात '0' पडू नये, इतकी काळजी मात्र वहीने घ्यावी. 'सांगितलेलं नाही', 'मोजायचं नाही असं ठरलंय' आणि 'इथे काही नाही' या तीन वेगळ्या नोंदी आहेत. संगणकाचा तक्ता सवयीने तिन्ही एकच करून टाकतो.

हे सगळं ऐकून एखादा अधिकारी म्हणेल, बरं, मग मोजायचं कसं ते सांगा. त्याला न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर न्यावं. तिथल्या न्गाई ताहू या माओरी लोकांसोबत गेल टिपा आणि लॉरेल टिअर्नी यांनी ओढ्यानद्यांसाठी एक निर्देशांक तयार केला, आणि पर्यावरण मंत्रालयाने तो 2003 मध्ये प्रसिद्ध केला. तायेरी आणि काकानुई या नद्यांवर तो घडला. त्याचं उत्तर एका आकड्यात येत नाही, तीन तुकड्यांत येतं. उदाहरणार्थ: ए-0 / 2.1 / 4.

शेवटापासून वाचू. 4 हा ओढ्याच्या तब्येतीचा गुण, 1 ते 5 मधला. काठावरची झाडी, पात्रातला गाळ, प्रवाह, पाण्याचा नितळपणा, वरच्या भागातला जमिनीचा वापर, असं बघून दिलेला. हे एखादा जीवशास्त्रज्ञही करेल, आणि त्याचे गुण फार वेगळे नसतील.

मधला 2.1 'माहिंगा काई'चा. अन्न आणि रोजच्या गरजेच्या वस्तू गोळा करायच्या जागा आणि ती गोळा करण्याची रीत, दोन्हीला मिळून हा शब्द आहे. इथे किती प्रकारचं अन्न मिळतं? आजोबांच्या वेळी जे मिळायचं त्यातलं किती उरलंय? तिथवर जाता येतं का, की मधे कुणाचं कुंपण आहे? पूर्वी जसे जायचात तसे पुढेही जाल का? उदाहरणातल्या ओढ्याचं पाणी स्वच्छ आहे, पण ईल मासा उरला नाही किंवा वाट बंद झाली, म्हणून गुण निम्म्यावर.

पहिला तुकडा सर्वांत छोटा. 'ए' म्हणजे ही जागा परंपरेने आमची, 'बी' म्हणजे नाही. त्यापुढे 1 किंवा 0. प्रश्न एकच: तुम्ही इथे परत याल का? त्याचं उत्तर कुणाशी सरासरी काढून मऊ करता येत नाही, आणि शेजारच्या 4 मध्ये मिळवताही येत नाही. तीन आकडे वेगळे राहतात म्हणूनच दिसतं, की स्वच्छ पाण्याच्या एका परंपरागत जागी लोक आता परत यायला तयार नाहीत, आणि का, ते आता विचारायला हवं. हा तक्ता उपग्रहावरून भरता येत नाही. त्यासाठी ज्यांना ओढा माहीत आहे अशी माणसं घेऊन काठावर जावं लागतं, आणि ती खाली वाकून पाण्यात बघेपर्यंत वही मिटून थांबावं लागतं.